माक्रियानिस : क्रांतिकारक आणि आत्मचरित्रकार

प्रस्तावना

स्वातंत्र्ययुद्धाचा इतिहास बहुधा सुशिक्षितांच्या लेखणीतून उतरतो. ज्यांनी प्रत्यक्ष तलवार धरली, त्यांची वाणी त्यात क्वचितच ऐकू येते. ग्रीक क्रांतिकारक यानिस माक्रियानिस (1797–1864) हा या नियमाला ठळक अपवाद आहे. त्याचे चरित्र आणि त्याची भाषा यांचा विचार आपण येथे एकत्र करणार आहोत.

जीवनपट

मध्य ग्रीसमधील एका गरीब कुटुंबात त्याचा जन्म झाला. त्याचे मूळ नाव यानिस त्रिआन्दाफिलू. उंचीमुळे त्याला 'माक्रियानिस', म्हणजे 'लांब यानिस', हे नाव पडले. बालपणीच वडील ऑटोमन सत्तेच्या हिंसाचारात मारले गेले. पुढे आर्ता येथे व्यापार करून त्याने बऱ्यापैकी संपत्ती मिळवली. 'फिलिकी एतेरिया' या गुप्त संघटनेत सामील होऊन 1821 च्या उठावात तो उतरला. 1825 मध्ये लेर्ना येथे इब्राहिम पाशाच्या सैन्याला रोखणाऱ्यांत तो होता. पुढील वर्षी अथेन्सच्या अक्रोपोलिसच्या वेढ्यात तो गंभीर जखमी झाला.

स्वातंत्र्य मिळाले, पण राजसत्ता बव्हेरियाहून आलेल्या ओथोन राजाच्या हाती गेली. ज्यांनी रक्त सांडले ते सैनिक उपेक्षित राहिले, हे त्याला सहन झाले नाही. 3 सप्टेंबर 1843 च्या उठावात त्याने पुढाकार घेतला आणि राजाला राज्यघटना मान्य करावी लागली. 1853 मध्ये राजाविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून त्याला देहदंड सुनावण्यात आला. ती शिक्षा अमलात आली नाही आणि 1854 मध्ये त्याची सुटका झाली.

आठवणींची भाषा

1829 मध्ये आर्गोस येथे त्याने आठवणी लिहिण्यास आरंभ केला. त्याचे शिक्षण नाममात्र होते. लिहिता येण्यासाठी अक्षरे त्याने प्रौढ वयात गिरवली. परिणामी त्याच्या हस्तलिखितात विरामचिन्हे नाहीत, शब्द एकमेकांना जोडलेले आहेत आणि लेखन उच्चारानुसार आहे. शुद्धलेखनाच्या दृष्टीने हे दोष होत. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मात्र तो त्या काळच्या बोलीचा दुर्मीळ पुरावा आहे.

नव्या राज्यात प्राचीन ग्रीकच्या वळणाची 'कथारेवुसा' ही प्रतिष्ठित भाषा होती. लोकांची 'दिमोतिकी' कमी प्रतीची मानली जाई. यानिस व्लाखोयानिस याने 1907 मध्ये या आठवणी प्रसिद्ध केल्या. पुढे कवी सेफेरिस याने 1943 मधील व्याख्यानात माक्रियानिसला आधुनिक ग्रीक गद्याचा मोठा लेखक ठरवले. दिमोतिकीला अधिकृत दर्जा मात्र 1976 मध्येच मिळाला.

देश सर्वांनी मिळून राखला, म्हणून कोणी 'मी' म्हणू नये, 'आम्ही' म्हणावे, असा त्याचा आग्रह होता. सर्वनामाची ही निवड केवळ व्याकरणाची बाब नाही. तिच्यात स्वातंत्र्य कोणाचे, या प्रश्नाचे त्याचे उत्तर आहे.

सारांश

माक्रियानिसने दोन लढे दिले : एक परकीय सत्तेशी, दुसरा स्वकीयांच्या विस्मृतीशी. दुसऱ्या लढ्यात त्याचे शस्त्र म्हणजे त्याची बोली होती.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. 1843 च्या उठावामागील माक्रियानिसची भूमिका स्पष्ट करा.
2. अशुद्ध लेखन भाषिक पुरावा कसे ठरते, ते सोदाहरण लिहा.