स्वभाव एका रात्रीत बदलत नाही

भोकरदनहून आजचा छोटा एपिसोड. श्रद्धेने माणूस खरंच बदलतो का?

लक्ष्मीबाई टिळकांचं बघा. १८९५ साली त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाले. बाई कोसळल्या. काही वर्षांनी त्यांच्याकडे परतल्या, पण सोवळं सुटलं नव्हतं. दुसऱ्या जातीच्या हातचं पाणीसुद्धा चालायचं नाही. मग जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांना पडला आणि बंधनं गळत गेली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. पुढे प्लेगच्या साथीत आजाऱ्यांची सेवा केली, परकी मुलं घरात वाढवली. 'स्मृतिचित्रे'त हे सगळं मोकळेपणाने सांगितलंय.

श्रद्धा अ‍ॅपसारखी इन्स्टॉल होत नाही, हळूहळू मुरते. आणि ती मुरली की नाही, हे प्रार्थनेपेक्षा पाण्याच्या पेल्यावरून लवकर कळतं. आपल्याकडे आजही.