दहाची थाळी, चाळीसची उधारी

पेठ-सुरगाण्याहून पेशंट घेऊन नाशिकच्या सिव्हिलला आलेला माणूस दुपारी काय खातो, याची चिंता महाराष्ट्र सरकारने आजवर दोनदा वाहिली.

पहिल्यांदा १९९५ मध्ये. मनोहर जोशींच्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे राज्यभर उघडली. मोक्याच्या सरकारी जागा दिल्या, वर अनुदान दिले. १९९९ मध्ये सत्ता बदलली आणि योजना गुंडाळली गेली. टपऱ्या मात्र हलल्या नाहीत. अनेक ठिकाणी तिथे वडापाव आणि चायनीज विकले जाऊ लागले आणि जागा परत मिळवताना महापालिकांच्या नाकीनऊ आले.

दुसऱ्यांदा २६ जानेवारी २०२० रोजी, शिवभोजन योजना सुरू करून. अन्न व नागरी पुरवठा खाते तेव्हा येवल्याचे आमदार छगन भुजबळ यांच्याकडे होते. शिवभोजन थाळीत दोन चपात्या, एक वाटी भाजी, वरण आणि भात. किंमत दहा रुपये. जागा रुग्णालये, बसस्थानके, बाजारपेठा यांच्याजवळच्या, म्हणजे माणूस अडलेला असतो तिथल्या. करोनाच्या टाळेबंदीत हीच थाळी पाच रुपयांना आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत फुकट मिळाली. हॉटेले बंद असताना तिच्यावर दिवस काढलेली माणसे मला फार महत्त्वाची वाटतात. योजनेचे खरे मूल्यमापन त्यांनी केले आहे.

एवढी गरज असूनही यातली केंद्रे बंद पडतात, ती का? गिऱ्हाईक नाही म्हणून नव्हे. शहरात थाळीचा दर पन्नास रुपये धरला होता. दहा जेवणारा देणार, चाळीस सरकार. एका केंद्राला सुरुवातीला दिवसाला जास्तीत जास्त दीडशे थाळ्यांची मुभा होती. म्हणजे रोजचे सहा हजार रुपये सरकारकडून येणे. महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर दीड लाख. बिल तीन महिने तुंबले की साडेचार लाख अडकले. एवढी उधारी कोणता किराणा दुकानदार सोसेल? केंद्रचालकांत बचत गटांच्या बायका आहेत. त्यांच्याकडे गंगाजळी कुठली? जेवणाऱ्याचा फोटो ॲपवर त्याच दुपारी चढवावा लागतो, पैसे मात्र महिनोन्‌महिने येत नाहीत. दर एकदा ठरला, तूरडाळ आणि गॅस काही त्या दरावर थांबले नाहीत. या हिशेबात चालकाचे खरे गिऱ्हाईक सरकारच आहे, आणि तेच वेळेवर पैसे देत नाही.

दक्षिणेतही अशी केंद्रे गिऱ्हाईक नाही म्हणून बंद पडली नाहीत. आंध्रातली स्वस्त जेवणाची सरकारी अण्णा कँटीन २०१९ च्या सत्तांतरात बंद झाली आणि २०२४ च्या सत्तांतरानंतर पुन्हा उघडली. मधली पाच वर्षे तिथल्या हमालांना भूक लागत नव्हती, असे थोडेच आहे!

नाशिकला २०२७ चा सिंहस्थ आहे. रस्ते, घाट, पूल बांधायला बाहेरगावचे मजूर येतील. त्यांच्या दुपारच्या जेवणाची तरतूद आत्ताच करता येईल. त्यासाठी नवी योजना, नवे नाव नको. जुनी बिले चुकती करावीत आणि थाळीचा दर डाळीच्या भावाला बांधून द्यावा.