व्हांकेल ‘मिसिंग’ मारू लागली तर...

पेट्रोलच्या इंजिनात पिस्टन वर-खाली व्हायलाच हवा का? हा प्रश्न फेलिक्स व्हांकेल या जर्मन संशोधकाला तरुणपणापासून पडला होता. त्याचं उत्तर १ फेब्रुवारी १९५७ रोजी नेकार्सुल्मच्या एन.एस.यू. कारखान्यात पहिल्यांदा फिरलं. याच एन.एस.यू.ने १९५० च्या दशकात जर्मनीत लॅम्ब्रेटा स्कूटर बनवल्या होत्या. तीच लॅम्ब्रेटा मुंबईत ए.पी.आय. बनवत असे आणि आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांनी ती चालवली असेल!

१९६४ मध्ये एन.एस.यू.ची छोटी स्पायडर स्पोर्ट्स कार बाजारात आली, १९६७ मध्ये मोठी रो-८०. रो-८०ला १९६८ चा युरोपातला ‘कार ऑफ द इयर’ मानही मिळाला. पण इंजिनं खराब होऊ लागली आणि कंपनी गॅरंटीत ती बदलून देऊ लागली. रस्त्यात दोन रो-८० समोरासमोर आल्या, की आपलं कितवं इंजिन चालू आहे हे चालक बोटं दाखवून सांगत, असा किस्सा आहे. खरी गोम पुढेच आहे. परत आलेल्या इंजिनांपैकी काही अगदी धडधाकट निघाली. गॅरेजवाल्यांना हे इंजिन नवं होतं. गाडी नीट चालेना, की बदला इंजिन!

आज तीच चूक जुन्या माझ्दा आरएक्स-७ च्या बाबतीत होऊ शकते. ही गाडी १९७८ साली आली. तिच्या सुरुवातीच्या मॉडेलांना आता ओल्डटायमरची एच-नंबरप्लेट मिळू शकते, त्यामुळे हौसेने घेणारे आहेत. अशी गाडी एके दिवशी एकदम गचके खाऊ लागली, आपल्या भाषेत ‘मिसिंग’ मारू लागली, तर घाबरून जाऊ नका. इंजिन उघडायचं म्हणजे काही हजार युरोंचं काम. प्लग मात्र थोडक्यात मिळतात.

आधी रचना समजून घेऊ. घडीच्या पोळीसारखा, कडा फुगलेला एक तिकोनी रोटर मधे दबलेल्या लंबगोल खोलीत फिरतो. त्याच्या तिन्ही टोकांवर धातूच्या पट्ट्या असतात, त्या म्हणजे एपेक्स सील. आरएक्स-७ मध्ये असे दोन रोटर आणि प्रत्येकाला दोन प्लग : खालचा ‘लीडिंग’, वरचा ‘ट्रेलिंग’. मुख्य काम खालच्याचं. तो बंद पडला, तर वरचा एकटा इंजिन कसंबसं ओढतो.

म्हणून तपासणी स्वस्ताकडून महागाकडे करावी. पहिली पाळी ठिणगीची. वायरींवर चिठ्ठ्या लावून मगच त्या काढा, कारण चार वायरींची अदलाबदल सहज होते. प्लग ओला, काळा की तुटका, ते पाहा. टायमिंग लाईटची क्लिप एकेका वायरीवर लावली, की कुठली ठिणगी चुकते ते हात न लावता कळतं. एकाच रोटरची चुकत असेल, तर संशय प्लग, वायर, डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवर. दोन्ही लीडिंगची एकदम चुकत असेल, तर त्यांच्या कॉइलवर किंवा इग्नायटरवर.

दुसरी पाळी पेट्रोल आणि हवेची. तुंबलेला फिल्टर, कार्बोरेटरमधला कचरा, चिरलेली व्हॅक्यूमची रबरी नळी. गाडी बरेच महिने उभी होती का, हेही आठवा.

एवढं ठीक असेल, तरच कंप्रेशन. आधी इग्निशन आणि पेट्रोल पंप बंद करा. साधं पिस्टनवालं गेज इथे फसवतं, कारण रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत जास्त दाबाचा आकडाच ते धरून ठेवतं. रोटरीचं खास गेज तिन्ही बाजू वेगळ्या दाखवतं. गरम इंजिनावर, स्टार्टरने सुमारे २५० फेऱ्यांच्या वेगाने फिरवताना, प्रत्येक बाजूला साधारण ६ बार तरी हवेत आणि तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. एक टोक दोन बाजूंच्या मधे असतं. त्यामुळे एका रोटरच्या दोन बाजू एकदम पडल्या असतील, तर एपेक्स सील तुटल्याची शंका घ्यावी. असं अचानकही होतं. तसं असेल, तर स्टार्टर पुन्हा पुन्हा मारू नका. तुटका तुकडा आतली भिंत ओरबाडतो.

आणि एक : मिसिंग मारणारी गाडी ‘घरापर्यंत जाईल’ म्हणून रेटू नये. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन तिथे पेटतं, सायलेन्सर लालबुंद होतो. अशी गाडी वाळलेल्या गवतावर तर मुळीच उभी करू नये.

वेर्कश्टाटमध्ये कुणी “मोटोर कापुट” म्हणालं, तर शांतपणे दोन्ही रोटरचे मिळून सहा आकडे कागदावर मागा. जुनी गाडी विकत घेतानाही हेच करा. सहा आकडे हातात नसतील, तर इंजिन मेलं असंही मानू नका आणि ठणठणीत आहे असंही नाही.