दुर्बीण पोटात नेमकं काय बघते?

सासवड, भोर, मंचरहून पेशंट पुण्यात पोटाच्या डॉक्टरांकडे येतो, तेव्हा बरोबरचं माणूस हमखास विचारतं, "डॉक्टर, दुर्बीण घालायलाच पाहिजे का? सोनोग्राफी तर नॉर्मल आलीय." या समजापायी कित्येकांचे महिनेच्या महिने वाया जातात, म्हणून आधी त्याबद्दल. सोनोग्राफी यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड उत्तम दाखवते. जठर आणि आतडी मात्र पोकळ. त्यांत हवा असते आणि हवेतून सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी नीट पुढे जात नाहीत. आतल्या अस्तरावरचा छोटा व्रण किंवा कोंब तिच्यात सहसा दिसत नाही.

'दुर्बीण' हा शब्दही थोडा फसवाच आहे. दुर्बीण लांबचं दाखवते. एन्डोस्कोप मात्र अस्तराच्या अगदी जवळ जाऊन बघतो. साधारण 1 सेंटिमीटर जाडीची लवचिक नळी, टोकाला दिवा आणि कॅमेरा. ती अन्ननलिकेत जाते, श्वासनलिकेत नाही, त्यामुळे श्वास कोंडत नाही. उमासे येतात, पण जठराची तपासणी बहुधा पाच-दहा मिनिटांत संपते.

हल्ली रिपोर्टमध्ये 'एनबीआय' असं लिहिलेलं असतं. ते वाचून काहींना वाटतं की पोटात एक्स-रेसारखे किरण सोडले. तसं काही नसतं. तो साधा प्रकाशच, फक्त निवडक: 415 नॅनोमीटरचा निळा-जांभळा आणि 540 नॅनोमीटरचा हिरवा. रक्तातलं हिमोग्लोबिन नेमका हाच प्रकाश शोषून घेतं. त्यामुळे वरवरच्या केशवाहिन्या तपकिरी दिसतात, खोलवरच्या शिरा निळसर-हिरव्या. कॅन्सरच्या सुरुवातीला या बारीक वाहिन्यांची नक्षी विस्कटते. पांढऱ्या प्रकाशात जिथे नुसता लालसर डाग वाटला असता, तिथे ही विस्कट उठून दिसते.

रंग शिंपडूनही हेच साधतात. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या आणि तंबाखू खाणाऱ्या माणसांच्या संदर्भात हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तंबाखूच्या रसाचा धोका तोंडापुरता नसतो, अन्ननलिकेलाही असतो. अन्ननलिकेवर आयोडीनचं द्रावण फवारलं की निरोगी पेशींतलं ग्लायकोजेन तपकिरी होतं आणि बिघडलेला भाग फिका राहतो. घास अडकू लागण्याच्या कितीतरी आधी तो ओळखता येऊ शकतो.

पण इथेच उलटा गैरसमज तयार होतो: "मशीन इतकं भारी आहे, मग तुकडा कशाला काढता? सुई-चिमटा लागला की कॅन्सर पसरतो." अस्तराचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. दुखतही नाही. प्रकाश आणि रंग तुकडा कुठून घ्यायचा ते दाखवतात. निदान पक्कं होतं ते सूक्ष्मदर्शकाखाली. आपल्या भागात तर याला पर्यायच नाही, कारण आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हा आजार कॅमेऱ्यात जवळजवळ सारखेच दिसतात. दोन्हींत लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथे व्रण असू शकतात, दोन्हींत आतडं अरुंद होऊ शकतं. उपचार मात्र परस्परविरोधी. टीबी असताना क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं तर टीबी बळावतो. नुसतं चित्र बघून ठरवणं इथे धोक्याचं.

"मग कॅमेऱ्याची गोळीच गिळतो, नळी नको," असंही पुष्कळजण म्हणतात. ही कॅप्सूल 2001 पासून वापरात आहे. सुमारे 26 मिलिमीटर लांब. आठेक तास फोटो काढत पुढे सरकते. नळी सहज पोचत नाही त्या लहान आतड्यासाठी ती खरोखर वरदान आहे. पण तिला तुकडा घेता येत नाही, हवं तिथे थांबवता येत नाही आणि अरुंद जागी ती अडकू शकते. जुना टीबी असेल, जेवल्यावर पोट फुगून कळा येत असतील, तर गोळी घेण्याआधी हे डॉक्टरांना सांगा. ती शौचावाटे बाहेर पडेपर्यंत एमआरआय करायचा नाही.

"मिसळ खाऊन अल्सर झाला" हे वाक्य पुण्यात रोज कानावर येतं. तिखटाने जळजळ वाढते, पण बहुतेक अल्सरांचं मूळ हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्यांत असतं. या जिवाणूच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं. तपासणीच्या वेळी घेतलेला तुकडा एका पिवळ्या द्रावणात टाकतात. जिवाणू असेल तर ते गुलाबी होतं. रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर जिवाणू असूनही कधीकधी रंग बदलत नाही, म्हणून ती आधी दोन आठवडे बंद करावी लागते. तीही डॉक्टरांना विचारूनच.

शौचातून रक्त गेलं की घरोघरी मूळव्याध ठरते. चाळिशी-पन्नाशीनंतर ते तपासल्याशिवाय मूळव्याध म्हणू नये, एवढं मी आग्रहाने सांगेन. मोठ्या आतड्यातला कोंब सापडला तर अनेकदा त्याच वेळी काढता येतो. आता एआय अशा कोंबाभोवती पडद्यावर चौकट दाखवतो. पण शी राहिली असेल तर तिच्याखालचा कोंब एआयलाही दिसत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. म्हणून आतडं साफ करण्यासाठी आदल्या दिवशी दिलेलं ते दोन लिटरचं बेचव पाणी अर्ध्यावर सोडायचं नाही. शौचाला पिवळसर, आरपार दिसणारं पाणी व्हायला लागलं की आतडं तयार झालं.