तळ्यात मासे फार झाले तर?

आमच्या गटाची घरगुती खाणावळ आहे. पाहुण्यांच्या पोरांना बघायला काहीतरी हवं, म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही अंगणात सिमेंटचं तळं बांधलं आणि त्यात बारा गोल्डफिश सोडले. गेल्या वैशाखात मोजायला बसलो, तर दीडशेच्या पुढे मोजणंच सोडून दिलं. त्याच आठवड्यात एक दिवस मळभ होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर सगळे मासे पाण्यावर तोंड काढून आ वासतायत. अकरा मेले.

आम्हाला वाटलं, रोग आला. पण रोग नव्हता, गर्दी होती. रात्री पाण्यातलं शेवाळ, वनस्पती, मासे सगळेच प्राणवायू घेतात, आणि ऊन नसल्यामुळे नवा तयार होत नाही. म्हणून उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. त्यात विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून पाणी बिघडतं.

तळ्यात किती मासे मावतील? लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा. साधारण तेवढे लिटर पाणी. आमचं तळं १० बाय ६, पाणी अडीच फूट, म्हणजे ४,२०० लिटर. मोठ्या माशाला निदान दीडशे-दोनशे लिटर तरी हवं. म्हणजे आमच्याकडे वीस-पंचवीस मासे पुरे होते!

आता वाढ कशी रोखायची ते सांगतो. गोल्डफिशची मादी एका वेळी शेकड्यांनी अंडी घालते. राजगिऱ्याच्या दाण्याएवढी, पाणचट पिवळी अंडी पानांना, मुळांना चिकटतात आणि आपल्याकडच्या उबदार पाण्यात दोन-चार दिवसांत फुटतात. नर माद्यांच्या मागे धावायला लागले, त्यांच्या कल्ल्यांवर बारीक पांढरे ठिपके दिसले, की समजायचं. (त्या ठिपक्यांना आम्ही रोग समजलो होतो आणि उगाच औषध टाकलं.) तेव्हा नारळाच्या काथ्याचे झुबके बांधून पाण्यात सोडायचे. अंडी बरीचशी त्यांनाच चिकटतात. दुसऱ्या दिवशी झुबके काढून उन्हात वाळवायचे. राहिलेल्या अंड्यांतली पुष्कळशी मासेच खातात, पण ते भुकेले असतील तरच. आमचे पाहुणे दिवसभर बिस्किटं, कुरमुरे टाकायचे, मग अंडी कोण खाणार? आता दिवसातून एकदा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकंच खाणं, आणि तेही आम्हीच घालतो. पाहुण्यांसाठी पाटी लावली आहे; कोणी वाचत नाही ती गोष्ट वेगळी.

आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलतो. पण नळाच्या पाण्यात टीसीएल असते, ती माशांना मारते. म्हणून पाणी उघड्या पिंपात दिवसभर उन्हात ठेवून मगच घालतो. उन्हाळ्यात वरून झाप टाकतो.

जादा माशांचं काय करायचं, यावर गटात भांडण झालं. एक जण म्हणाली, कालवण करू. जातीने तो रोहूचाच भाऊबंद, पण तळ्यात औषध पडलेलं होतं, तो विचार सोडला. दुसरी म्हणाली, वहाळात सोडू, पुण्य लागेल. तिथे मात्र आम्ही अडून बसलो. हा मासा मूळचा चीनचा. मोकळ्या पाण्यात तो चांगलाच मोठा होतो, तळचा गाळ उकरून पाणी गढूळ करतो, दुसऱ्या माशांची अंडी खातो, रोगही नेतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बर्न्सविल शहराला २०२१ मध्ये लोकांना विनवावं लागलं, की घरचे गोल्डफिश तलावात सोडू नका. आपल्या वहाळात तर पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला येतात. ते गेले तर आणायचे कुठून?

शेवटी काही मासे शाळेच्या हौदासाठी दिले, काही ओळखीच्यांच्या टाक्यांत गेले. दुकानदाराने मोजकेच घेतले, कारण घरची पिल्लं बरेच महिने काळपट दिसतात, काही तर कधीच लाल होत नाहीत. थोडे खंड्याने नेले, त्याला आम्ही हाकललं नाही.

पाऊस जवळ आलाय. तळं भरून वाहतं त्या पाइपाला आम्ही मच्छरदाणीची दुहेरी जाळी बांधली आहे. पाचोळ्याने ती तुंबते, म्हणून रोज सकाळी एकीने साफ करायची, अशी पाळी लावली आहे.