काजळाचा ठसा

पाच गोळ्यांचा गट कागदावर दोन ठिकाणी पडत होता. तीन गोळ्या दहाच्या वर्तुळात, एकमेकींना चिकटून. उरलेल्या दोन त्यांच्या बरोबर खाली, वीस मिलिमीटरवर. पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ अवघं 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं आणि गोळी 5.6 मिलिमीटरची. त्यामुळे खालच्या दोन्ही गोळ्या थेट आठात. पुढच्या कागदावर पुन्हा तेच. कधी दोन वर आणि तीन खाली, एवढाच फरक.

सहा महिने मी स्वतःला दोष देत राहिले. श्वास कुठे थांबतो ते पाहिलं, चाप ओढणारं बोट पाहिलं, दंडाचा पट्टा एक भोक आवळला, पुन्हा ढिला केला. सराव वाढवला. पहिल्या पावसानंतर सगळा गटच डावीकडे सरकला, तेव्हाही वाटलं की आपलीच बैठक बिघडली असणार.

रायफल जुनी, जर्मन बनावटीची, .22ची. पुण्यातल्या एका नेमबाजाने खेळ थांबवला तेव्हा ती घेतली. परवान्यावर नोंद होऊन हातात पडेपर्यंत बरेच दिवस गेले होते आणि त्या वाट पाहण्यातच मी तिच्या प्रेमात पडले होते. दस्ता अक्रोडाचा, गडद तपकिरी, त्यात काळ्या रेषांची लाट. एवढ्या देखण्या वस्तूत खोट असेल हे मनात येत नव्हतं.

आमच्या सरांनी एके दिवशी बोल्ट काढायला लावला, रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि म्हणाले, "नळी आणि लाकूड जिथे भेटतात तिथे बोट ठेव. आता पुढचा स्क्रू हळूहळू ढिला कर." मी पाना अर्धा वेढा फिरवला आणि बोटाखाली नळी लाकडापासून वर उचलली गेली. स्पष्ट कळावं इतकी. स्क्रू आवळला की खाली, सोडला की वर.

"तुझ्या हाताचं काही चुकत नाहीये," सर म्हणाले. "ही दस्त्यात बसलेलीच नाही. ओढून बसवलीय."

नेमबाजी न करणाऱ्यांसाठी थोडं सांगते. रायफलीचे दोन भाग असतात. एक लोखंडी: नळी आणि तिच्यामागे गोळी भरायची, डागायची यंत्रणा, जिला आम्ही ॲक्शन म्हणतो. दुसरा भाग म्हणजे दस्ता, जो खांद्याला, गालाला आणि हाताला लागतो. ॲक्शन दस्त्यात कोरलेल्या खोबणीत बसते आणि खालून सहसा दोन स्क्रूंनी आवळली जाते. खोबण समतल नसेल तर स्क्रू आवळताना पोलाद किंचित वाकतं. डोळ्याला दिसत नाही, पण गोळी सुटताना नळी थरथरते आणि ताणात धरलेली ॲक्शन प्रत्येक धक्क्यानंतर त्याच जागी परत बसेल याची खात्री उरत नाही. ती कधी या टेकूवर बसते, कधी त्या. माझ्या कागदावरचे दोन गट हे त्या दोन जागांचेच गट होते.

घरी ॲक्शन काढली. मागच्या स्क्रूजवळ पुठ्ठ्याची घडी सापडली, तेलाने काळी झालेली. आधीच्या कुणीतरी ती ॲक्शनखाली सारली होती. पुठ्ठा दमट हवेत फुगतो, दाबला की बसतो. पावसानंतर गट का सरकला, त्याचं निम्मं उत्तर त्या घडीत होतं.

बाकीचं निम्मं उत्तर लाकडात. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हवेतला ओलावा घेऊन फुगतं आणि कोरड्या दिवसांत आकसतं. अक्रोड त्या मानाने शांत लाकूड. फार पिळवटत नाही, धक्का सोसतं, स्क्रूच्या भोकापाशी सहज चिरत नाही. म्हणून युरोपात बंदुकीच्या दस्त्यांसाठी पिढ्यानपिढ्या त्यालाच मान. तरीही कोल्हापूरचा एप्रिल आणि कोल्हापूरचा जुलै यांत जे अंतर आहे ते त्यालाही सोसावं लागतं.

आमच्या पेठेत एक सुतारकाका आहेत. दारं, खिडक्या, देव्हारे करतात. लोखंडी भाग घरच्या कपाटात कुलूपबंद ठेवून मी नुसता दस्ता त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो उलटा केला, खोबणीच्या कडेवरून अंगठा फिरवला, नाकाजवळ नेला. "सागवान न्हाई, शिसवी न्हाई." अक्रोड म्हटल्यावर त्यांनी काश्मीरच्या नक्षीकामाची आठवण काढली, पण हाताखाली कधी आलं नव्हतं. सागात तेल असतं म्हणून गोंद धरताना कुरकुर होते, या लाकडात ती अडचण यायची नाही, हे मात्र त्यांनी दस्ता हातात घेताच सांगितलं.

"आधी कुठं टेकतंय ते बघा," काका म्हणाले. "काजळ लावा."

दाराची चौकट भिंतीत बसवताना, जुन्या पेटीचं झाकण जुळवताना हीच युक्ती करतात. मी एरंडेलाच्या दिव्यावर ताटली धरून काजळी जमवली, दोन थेंब खोबरेलात खलली आणि ॲक्शनच्या पोटाला बोटाने इतका पातळ थर दिला की खालचं पोलाद दिसत राहिलं. मग ती सरळ खाली खोबणीत उतरवली, स्क्रू न लावता नुसती टेकवली आणि सरळ वर उचलली.

खोबण जवळजवळ कोरी होती. मागे नखाएवढा एक काळा डाग, पुढे डाव्या कडेला एक रेघ, उजवीकडे मध्ये एक ठिपका. हातभर लांबीचं पोलाद तीन ठिपक्यांवर उभं होतं. ते पाहिल्यावर माझ्या मनावरचं सहा महिन्यांचं ओझं एकदम उतरलं.

काम दोन टप्प्यांत झालं. पहिला टप्पा लाकडाचा. रोज संध्याकाळी मी घरी काजळाचा ठसा घेई आणि सकाळी काळे डाग पडलेला दस्ता काकांकडे नेई. ते अर्ध्या इंची पटाशीने फक्त काळं तेवढं खरवडत, कागदासारखे पापुद्रे काढत. पटाशीला हातोडी लावलीच नाही, तळहाताने ढकलायची. नळीच्या खालची नाळ त्यांनी गोल काठीला पॉलिश पेपर गुंडाळून मोकळी केली. वहीचा दुमडलेला कागद नळी आणि लाकूड यांच्यामधून टोकापासून ॲक्शनपर्यंत अडखळल्याशिवाय सरकला, तेव्हा ते थांबले. नळी कुठेही लाकडाला टेकता कामा नये. ती अधांतरी राहिली तरच एकसारखी थरथरते.

दुसरा टप्पा माझा, सरांच्या देखरेखीखाली. दोन्ही स्क्रूंच्या भोकांत ॲल्युमिनियमच्या नळकांड्या बसवल्या. त्यामुळे स्क्रू आवळला की दाब लाकडावर न येता धातूवर येतो आणि ओलाव्याने लाकूड कितीही हललं तरी दोन धातूंमधलं अंतर तेच राहतं. त्यांच्याभोवती दोन-तीन मिलिमीटर लाकूड काढून तळ मुद्दाम खडबडीत ठेवला. ॲक्शनच्या प्रत्येक भोकात, प्रत्येक खाचेत मुलांच्या खेळातली क्ले भरली, नाहीतर आत शिरलेलं एपॉक्सी सुकून ॲक्शन कायमची अडकते. वर मेणाचे तीन हात, प्रत्येक हात सुकल्यावर फडक्याने घासून. एरल्डाइटच्या दोन्ही नळ्या सारख्या मापाने पिळल्या, जुन्या टाइलवर कालवल्या, बुडबुडा राहू नये म्हणून पट्टीने सावकाश पसरल्या. ॲक्शन उतरवली आणि तिच्या स्वतःच्या वजनावर सोडून दिली. स्क्रू आवळायचे नाहीत, हे या कामाचं मर्म. इथे आवळलं तर तोच ताण एपॉक्सीत गोठतो आणि सगळी मेहनत फुकट जाते.

त्या रात्री झोप लागली नाही. चोवीस तासांनी नळी धरून वर ओढली, हलली नाही. सरांनी रबरी हातोडीने नळीखाली दोन हलके ठोके दिले. टक् असा आवाज झाला आणि ॲक्शन सुटून हातात आली. खाली तिचा आरसा उमटला होता, पोलादावरची घासल्याची एक बारीक रेघसुद्धा त्यात होती. पुन्हा काजळ लावलं, टेकवलं, उचललं. या वेळी खोबण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी काळी.

एवढं झाल्यावर रायफल दस्त्यात बसली. पण दस्ता अजून मला बसला नव्हता.

तो एका उंच पुरुषासाठी घडवलेला होता. मागच्या टोकापासून चापापर्यंत साडेचौतीस सेंटिमीटर. मला एकतीस पुरतात. एवढ्या लांब दस्त्यावर झोपून नेम धरायचा तर खांदा पुढे द्यावा लागतो, मान ताणावी लागते आणि स्पर्धेच्या साठाव्या गोळीपर्यंत मानेत गोळा येतो. ही गोष्ट फौजेलाही फार पूर्वी कळली होती. ब्रिटिश आणि हिंदी सैन्याच्या हातात असलेल्या ली-एनफिल्ड रायफलींचा मागचा दस्ता वेगळा, बदलता येण्याजोगा असे आणि तो आखूड, मध्यम, लांब अशा मापांत मिळे. सगळ्यात आखूड मापाला बँटम म्हणत. लढाईच्या धामधुमीतही सैनिकाच्या हाताचं माप पाहायची सोय ठेवलेली होती.

कापायच्या वेळी काकांचा हात थांबला. "कापलेलं परत जोडता येत न्हाई, ताई. तीनदा मोजा." आम्ही तीनदा मोजलं, उन्हाळी कपड्यांत आणि नेमबाजीचं जाड जाकीट घालूनही. कापायच्या रेषेवर कागदी टेप लावली, म्हणजे कड उसवत नाही. बारीक दात्यांच्या करवतीने साडेचार सेंटिमीटर उतरवले आणि पाच-पाच मिलिमीटरच्या दोन प्लायच्या चकत्या मध्ये घातल्या. जाकीट बदललं, वजन कमी-जास्त झालं, तर चकती काढता-घालता येते.

गालाचा टेकू ठरवायची पद्धत फार सोपी आहे. डोळे मिटून आडवं व्हायचं, दस्त्यावर गाल ढिला सोडून द्यायचा, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. नेम धरायच्या मागच्या छिद्रातून पुढचं कडं मधोमध दिसलं तर टेकू बरोबर. मला दर वेळी कड्याची फक्त वरची कमान दिसायची, कारण टेकू खाली होता. म्हणजे इतके दिवस मी मान उचलून धरत होते आणि त्याला सराव समजत होते. टेकू नऊ मिलिमीटर वर घेतला.

शेवटी दस्त्यावरचे जुने खड्डे. दाबलेले तंतू तुटलेले नसतात, चेपलेले असतात. ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री टेकवली की वाफ आत शिरते आणि लाकूड फुगून वर येतं. मग जवसाच्या तेलाचे पातळ हात, दोन हातांमध्ये एक दिवस. लाटेसारख्या त्या काळ्या रेषा पुन्हा चमकल्या.

पाना पाच न्यूटन-मीटरवर लावून स्क्रू आवळले आणि रेंजवर गेले. पाच गोळ्यांचं एकच भोक पडलं, फाटक्या कडांचं, नखाने झाकेल एवढं. आता जुलै संपत आलाय, बाहेर भिंतींना शेवाळ धरलंय, पण गट जागचा हललेला नाही.

हे सगळं मी लिहितेय ते आमच्या क्लबातल्या मुलींसाठी. 2010 साली म्युनिकमध्ये तेजस्विनी सावंत पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून नेम धरायच्या प्रकारात, 600पैकी 597 गुण मिळवून जगज्जेती झाली. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने तीन पोझिशनमध्ये कांस्यपदक आणलं. त्यानंतर आमच्याकडे गावोगावची मुलं यायला लागली. त्यांतल्या बहुतेकांच्या हातात क्लबाची, दुसऱ्या कुणाच्या मापाची रायफल असते. नेम चुकला की ती म्हणतात, आपला हात कच्चा आहे. मीही सहा महिने तेच म्हणत होते.

गेल्या आठवड्यात एक बारा वर्षांची मुलगी रडवेली होऊन बाजूला बसली होती. मी तिला कोपर काटकोनात दुमडायला सांगितलं आणि कोपराच्या खळगीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत टेप धरली. मग तीच टेप तिच्या रायफलीला लावली. चार सेंटिमीटरचा फरक निघाला. दस्त्याच्या मागच्या चार चकत्या काढल्या, गालाचा टेकू वर घेतला आणि तिला डोळे मिटून मान टाकायला सांगितलं.

डोळे उघडल्यावर ती म्हणाली, "ताई, आता आपोआप मधोमध दिसतंय."