शस्त्रकर्मोत्तर ज्वर : कारणे व चिकित्सा

शस्त्रकर्मानंतर घरी आलेल्या रुग्णास ज्वर आला की नातेवाईक पुष्कळदा शल्यचिकित्सकाकडे न जाता जवळच्या वैद्याकडे अथवा औषधाच्या दुकानात येतात. अशा वेळी ज्वर किती, याच्याइतकेच शस्त्रकर्म होऊन किती दिवस झाले, हे विचारणे अगत्याचे आहे.

पहिल्या ४८ तासांतील ज्वर बहुधा जंतुसंसर्गाचा नसतो. छेदनामुळे दुखावलेल्या धातूंतून इंटरल्युकिन-६ आदी द्रव्ये स्रवतात व तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या वर जाते. हाच आपला अभिघातज आगंतु ज्वर होय. फुप्फुसाचा भाग आकसल्याने तो येतो, असे पाठ्यपुस्तके दीर्घकाळ सांगत आली. २०११ सालच्या एका समीक्षेत मात्र त्यास आधार आढळला नाही. याच दोन दिवसांत व्रणाभोवतीची त्वचा काळवंडली, स्राव दुर्गंधी असला किंवा वेदना प्रमाणाबाहेर असली, तर तो मांस कुजविणारा संसर्ग समजावा. तेथे एक तासही दवडू नये.

तिसऱ्या दिवसापासून मूत्रनलिकेमुळे होणारा संसर्ग, न्यूमोनिया व सलाईनच्या जागी सुजलेली शीर यांचा विचार करावा. पाचव्या-सातव्या दिवशी व्रणपाक, त्यानंतर उदरातील विद्रधि. एका पायाची पोटरी सुजून दुखत असल्यास शिरेत गुठळी असण्याचा संभव असतो.

अर्श-भगंदराची शस्त्रकर्मे आपल्यापैकी अनेक जण स्वतः करतात. त्यानंतर ज्वर, वाढती गुदवेदना व मूत्रावरोध ही तीन लक्षणे एकत्र दिसल्यास श्रोणिगत संसर्गाची शंका घेऊन रुग्णास तत्काळ सुसज्ज रुग्णालयात पाठवावे. येथे घरगुती उपचारास मुळीच वाव नाही.

चिकित्सेत एक गफलत नेहमी दिसते. ज्वर म्हटला की लंघन, हा नियम सरसकट लावला जातो. चरकाचार्यांनी अभिघातज ज्वरात घृतपान, अभ्यंग व मांसरसयुक्त भात सांगितला आहे. व्रण भरून येण्यास पोषण लागते; उपवासाने तो रेंगाळतो. अर्थात अग्नी मंद असता अथवा शल्यचिकित्सकाने तोंडाने आहार वर्ज्य केला असता घृत व मांसरस देऊ नये. अभ्यंगही ताज्या टाक्यांवर नको आणि सुजलेल्या पोटरीवर तर कदापि नको. मर्दनाने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. त्रिभुवनकीर्ती मागणाऱ्यास अलीकडे शस्त्रकर्म झाले आहे काय, हे विचारावे. वत्सनाभयुक्त कल्पाने घाम येऊन ताप उतरतो, आतला पू मात्र तसाच राहतो. पॅरासिटामॉललाही हेच लागू आहे. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असल्यास गुग्गुळ कल्प शल्यचिकित्सकास विचारल्याखेरीज सुरू करू नयेत.

रुग्णास पुढे पाठविताना शस्त्रकर्माची तारीख, तापमानाच्या नोंदी आणि आपण दिलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव व मात्रा चिठ्ठीत स्पष्ट लिहावी.